इंदूरचं ऑफिस बंद होतंय, गुरुग्रामला या नाहीतर राजीनामा द्या म्हणतात. शुक्रवारपर्यंत काय उत्तर देऊ?

खिडकी_सीट | १४ जानेवारी २०२६, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, आधी तिळगूळ घ्या गोड बोला, कारण पुढचं काही गोड नाहीये.

मी इंदूरची. माहेर राजेंद्रनगर, आता राऊकडे राहते. गेली सहा वर्षं एका ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधे आहे, नाव सांगत नाही, अजून पगार तिथूनच येतोय. विजयनगरला ऑफिस, आम्ही साधारण नव्वद जण. काल दुपारी चारला सगळ्यांना मीटिंग रूममधे बोलावलं, जागा पुरेना म्हणून निम्मे दारात उभे, स्क्रीनवर गुरुग्रामहून एक मॅडम आल्या आणि सात मिनिटांत विषय संपला. इंदूर सेंटर बंद. पर्याय एक, १ फेब्रुवारीपासून गुरुग्रामला रुजू व्हा, पगार तोच, सामान हलवायला एकदाच २५ हजार. पर्याय दोन, स्वेच्छेने राजीनामा, ३१ जानेवारी शेवटचा दिवस आणि 'गुडविल पॅकेज'. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर एकावर टिक करायची, आणि खाली बारीक अक्षरात, टिक न केल्यास पर्याय दोन धरला जाईल. आज सकाळी त्याच एचआरकडून पतंगाचं चित्र लावलेला संक्रांतीच्या शुभेच्छांचा मेल आला. मी तो तसाच ठेवलाय, डिलीट पण नाही केला.

पॅकेजच्या शीटमधे माझ्या नावापुढे लिहिलंय: दोन महिन्यांचा बेसिक २८,८००, ग्रॅच्युइटी ४९,८४६, आणि अकरा दिवसांची उरलेली रजा. माझा ग्रॉस ३६ हजार, बेसिक १४,४००. जॉइनिंग ८ ऑगस्ट २०१९.

घरचं सांगते. नवरा पीथमपूरला ऑटो पार्टच्या कंपनीत, त्याची नोकरी तिथली तिथेच, मुलगा तिसरीत, सासूबाई आमच्याकडे, फ्लॅटचा हप्ता १७,५००. नवरा म्हणतो तू जा, आम्ही बघून घेऊ, पण तो ज्या आवाजात म्हणतो ना तो आवाज मला कळतो. मुलाला अजून सांगितलं नाही. तो आज दिवसभर गच्चीवर पतंग काटत होता आणि मी खाली हलव्याचे दागिने करायला बसलेल्या सासूबाईंना पाक ढवळून देत होते आणि डोक्यात फक्त बोगी नंबर फिरत होते, मालवा एक्स्प्रेसने जायचं झालं तर महिन्यातून किती वेळा जमेल वगैरे.

राग कशाचा आला माहितीये का, कामाचा नाही. लॉकडाउनमधे २५ मार्च २०२० ला विमानं बंद झाली तेव्हा मी नवीनच होते, आठ महिन्यांची, आणि दोन महिने रोज लोकांच्या शिव्या खाल्ल्या, क्रेडिट शेल (पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवायचे) हा शब्द ऐकला की अजून पोटात गोळा येतो. पगार कापला तरी बसलो. मग ३ मे २०२३ ला गो फर्स्ट ही विमान कंपनी बसली, लेह नि श्रीनगरची बुकिंगं घेतलेली माणसं, ऐन सुट्ट्या, त्या आठवड्यात मी दोनदा ऑफिसमधेच झोपले. ते ठीक, काम होतं. पण गेल्या वर्षी आमच्या टीमला आठ महिने रोज शंभर-शंभर जुनी चॅट्स दिली टॅग करायला, हे रिफंडचं, हे डेट चेंजचं, हा कस्टमर चिडलाय, हा नुसतं विचारतोय. आम्हाला वाटलं क्वालिटीचं काम आहे. आता बॉट ती उत्तरं देतो. 'तुमचा प्रवास महत्त्वाचा आहे, मी लगेच बघते' असं हिंदीत म्हणतो तो, ते वाक्य माझं आहे हो, मी लिहायचे ते!

तर विचारायचं असं की कुणी असं गेलंय का गुरुग्रामला एवढ्या पगारात, परवडतं का, आणि राजीनामा लिहायचा तर काय बघून लिहायचा, आणि इंदूरमधे या कामाला दुसरीकडे कुठे किंमत आहे का. एवढंच. झोप येत नाहीये म्हणून एवढं लांबलं.

पुणे३० | १५ जानेवारी, सकाळी ७:१५

गुरुग्राम कशाला? मराठी आहात तर सरळ पुण्याला परत या ना, हिंजवडीत सपोर्टच्या नोकऱ्या खूप आहेत.

खिडकी_सीट | १५ जानेवारी, सकाळी ७:५०

दादा राग नका मानू पण 'परत' कुठे? आमचे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते, त्याच्या आधीचं आम्हाला पण माहीत नाही. पुण्यात माझी एक मावसबहीण आहे, ती माझ्या मराठीला हसते, मी 'येऊन राहिले' म्हटलं की. मला परत यायला इंदूरच आहे. बाकी पुण्याचा पर्याय वाईट नाही म्हणा, पण नवरा पीथमपूरला तो तिथूनही तेवढाच लांब.

गुडगावी_इंदुरी | १५ जानेवारी, सकाळी ९:०५

ताई, मी पण इंदूरचाच, लोकमान्यनगर. २०२२ मधे याच लाइनमधून इकडे आलो, माझीही दुसरी कंपनी होती पण स्टोरी तीच, सेंटर बंद, या नाहीतर जा. तेव्हा एकटा होतो म्हणून टिक केली पर्याय एकला, फार विचार न करता.

खरं सांगतो खर्च. पीजीत डबल शेअरिंगची कॉट मला १४ हजाराला पडली, जेवण धरून, जेवण म्हणजे काय तर राजमा आणि पाण्यात पोहणारं पनीर. सहा महिन्यांनी दोघांनी मिळून वन बीएचके घेतला तर २६ हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं ब्रोकरेज वेगळं, तुमचे २५ हजार तिथेच संपले. ३६ मधे तुम्ही इथे राहून, तिकडे हप्त्याला हातभार लावून, महिन्यातून एकदा घरी जाऊन काही उरवाल असं मला वाटत नाही, मी एकटा असून ४० मधे उरवू शकलो नाही. नोव्हेंबरात हवा अशी होते की डोळे चुरचुरतात, ते वेगळंच.

पण मला सांगायचंय ते दुसरं. मला इथे आणून चौदा महिन्यांनी काढलं. तोच हॉल, तेच 'रीस्ट्रक्चरिंग'. इंदूरमधे काढलं असतं तर निदान आईच्या हातचं जेवत दुसरी नोकरी शोधली असती, इथे भाड्याचं मीटर चालू असताना शोधली. तेव्हा रिलोकेट केलं म्हणजे नोकरी वाचली असं धरून चालू नका. आणि तुमच्या त्या २५ हजाराच्या कागदावर नीट बघा, एका वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावे लागतील असं लिहिलेलं असतं. माझ्या कागदावर होतं, मी वाचलंच नव्हतं.

आता मी हॉटेलांच्या बाजूला आहे, हॉटेलवाल्यांचे रेट आणि इन्व्हेंटरी सांभाळतो. फ्लाइटपेक्षा तिकडे कमाई आहे म्हणून कंपन्या तिकडे माणसं ठेवतात अजून. जमलं तर प्रोफाइल तिकडे वळवा.

कलम_पंचवीस | १५ जानेवारी, दुपारी १२:३०

ताई, सगळ्यात आधी: शुक्रवारी पोर्टलवर दोन नंबरला टिक करू नका. मी वकील नाही, अठरा वर्षं कंपन्यांच्या एचआरमधे काढलीत, म्हणजे हे असले फॉर्म मीच बनवायचो, त्यामुळे ऐका.

ते 'स्वेच्छेने' तिथे उगाच नाही घातलेलं, तुम्ही राजीनामा दिला की ती कपात राहत नाही. आणि कपात नाही तर कपातीचं काही देणं लागत नाही. कंपनीने काढलं तर महिन्याची नोटिस किंवा तेवढा पगार, वर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफ मधे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जो नवा औद्योगिक संबंध कोड लागू झालाय त्यातही आहे. शिवाय नव्या कोडमधे री-स्किलिंग फंड म्हणून आणखी पंधरा दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. तुमची सहा वर्षं म्हणजे नुसती भरपाईच सहा वेळा पंधरा दिवस, समोर काय ठेवलंय, दोन महिन्यांचा बेसिक. बेसिक! आणि ग्रॅच्युइटी तर पॅकेजमधे मोजायचीच नाही, ती तुमची आहे, राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं झालीत ना. तीच पॅकेजमधे घालून आकडा मोठा दाखवायचा हा जुना डाव आहे, मी पण केलाय, काय लपवायचं.

एक अडचण आहे. हे सगळं 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्याला. पद काय लिहिलंय त्याला किंमत नाही, सिनियर एक्झिक्युटिव्ह लिहिलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही, काम काय करता ते बघतात. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का? अप्रेझल लिहिता का? सुपरवायझरचं काम असेल आणि पगार १८ हजाराच्या वर असेल तर बाहेर पडता. हे आधी सांगा.

आता तारखेची गंमत, ही मात्र मी मुद्दाम कॅलेंडर घेऊन मोजली. जॉइनिंग ८ ऑगस्ट २०१९, शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२६, म्हणजे सहा वर्षं पाच महिने चोवीस दिवस. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे ८ फेब्रुवारी ओलांडली की तुमची सहाची सात वर्षं होतात. आठ दिवस! एचआरने ३१ तारीख यासाठीच धरली असं मी म्हणत नाही, पण नव्वद जणांच्या तारखा एक्सेलमधे असतात एवढं सांगतो.

आणि दुसरं, नव्या कोडमधे 'वेतन' म्हणजे एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही. तुमचा बेसिक ३६ हजाराच्या चाळीस टक्के आहे. म्हणून ग्रॅच्युइटी १४,४०० वर नाही, १८,००० वर मोजायला सांगा. १८,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे वर्षाला १०,३८५ च्या आसपास. सहा वर्षांचे ६२,३०८, सात वर्षांचे ७२,६९२. त्यांनी लिहिलेत ४९,८४६. फरक तुम्हीच काढा.

मग करायचं काय. सरळ 'नाही जाणार' असंही लिहू नका, अपॉइंटमेंट लेटरमधे 'कंपनीच्या कुठल्याही ठिकाणी बदली' हे कलम बहुतेक असणारच, मग बदली नाकारली, हजर झाली नाही असा कागद ते बनवतात. एक साधा मेल लिहा. मला काम करायची इच्छा आहे, राजीनामा द्यायची इच्छा नाही, गुरुग्रामसाठी पगारात काय वाढ आहे, घरून काम करता येईल का, आणि सेंटर बंद झाल्यामुळे मला कमी करत असाल तर तसं लेखी द्या, नोटिस पिरियडमधे मी काम करून देईन. ते शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर नोटिसचे पैसे हातावर ठेवून ३१ लाच मोकळं करतील. अपॉइंटमेंट लेटरमधे नोटिस किती दिवसांची आहे ते बघा, ६० लिहिली असेल तर तुमची फेब्रुवारी आपोआप ओलांडली जाते. आणि पोर्टलचा तो स्क्रीन, बारीक अक्षरांसकट, फोटो काढून ठेवा, ऑफिसच्या मेलवर नको, स्वतःच्या.

पीएफ काढू नका, नुसता ट्रान्सफर. नोकरी संपली की उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं नव्या वेतन कोडमधे आहे, पंचेचाळीस दिवस थांबा म्हणाले तर हे दाखवा.

खिडकी_सीट | १५ जानेवारी, दुपारी २:१०

कलमदादा, हात जोडले. अपॉइंटमेंट लेटर आत्ता कपाटातून काढलं, मुलाच्या जन्मदाखल्याच्या फाइलमधे होतं. नोटिस ६० दिवस, दोन्ही बाजूंनी. रजा मंजूर वगैरे काही नाही, शनिवारी टीम लीडची सुट्टी असते तेव्हा रोस्टर मी लावते एवढंच, आणि त्यातही चहाला किती वाजता जायचं त्यावरून भांडणं सोडवायची. त्याने सुपरवायझर होते का मी?

कलम_पंचवीस | १५ जानेवारी, दुपारी २:२५

नाही होत. चहावाल्या भांडणांचा वेगळा भत्ता मागा.

नाइट_शिफ्ट_ग्वाल्हेर | १५ जानेवारी, दुपारी ४:००

मी आयटीत, ग्वाल्हेरहून घरी बसून काम करतो, ट्रॅव्हल टेकचे प्रोजेक्ट केलेत म्हणून बोलतो. हे इंदूरपुरतं नाहीये आणि आजचंही नाहीये. २०२० मधे एक्सपीडियाने फेब्रुवारीतच तीन हजार माणसं काढायचं जाहीर केलं होतं, कोरोना पूर्ण यायच्या आधी. मे मधे एअरबीएनबीने १,९००, जूनमधे आपल्याकडे मेकमायट्रिपने ३५० च्या आसपास, ऑगस्टमधे बुकिंग डॉट कॉमने पाव कंपनी कमी करायचं सांगितलं. ते कोरोनाचं म्हणून सोडून देऊ, पण एक्सपीडियाने २०२४ मधे परत १,५०० सांगितले, तेव्हा तर लोक फिरत होते धडाक्यात.

आता एक जुनी गोष्ट. अमेरिकेत व्हर्जिनियात क्लिंटवूड नावाचं छोटं गाव आहे, कोळशाच्या खाणींचा भाग. खाणींचं काम कमी झालेलं, तिथे ट्रॅव्हलॉसिटी या ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनीचं कॉल सेंटर आलं तेव्हा गावाला केवढा आधार झाला. २००४ मधे ते बंद करून काम भारतात आणलं, अडीचशेच्या आसपास नोकऱ्या. तेव्हा आपण इकडे पेढे वाटले. तिथल्या बाईने पण असाच कागद घरी नेऊन नवऱ्याला दाखवला असेल.

बॉटचं म्हणाल तर आता सगळ्यांकडे आहे, मेकमायट्रिपची मायरा, इक्सिगोची तारा. साधं तिकीट कॅन्सल, रिफंड कुठे अडकलाय, बॅगेज किती किलो, हे प्रश्न परत माणसाकडे येणार नाहीत, त्याची आशा सोडा. माणसाकडे उरतं ते गुंतलेलं, एका एअरलाइनचं जाणं दुसरीचं येणं, मधली फ्लाइट रद्द, नावात चूक, लहान बाळ सोबत. ताई, तुम्ही बॉटला साधं शिकवलंत, गुंतलेलं तुमच्याकडेच आहे अजून. रेझ्युमेत 'कस्टमर सर्व्हिस' लिहू नका, 'रिइश्यू आणि रिफंड' लिहा (रिइश्यू म्हणजे बदल करून तिकीट नव्याने काढणं), जीडीएसचं, म्हणजे ज्या सिस्टिमवर तिकिटं काढता तिचं, नाव लिहा.

जुना_एजंट_काका | १५ जानेवारी, रात्री ९:२०

बेटा, मी एम जी रोडला १९९४ पासून तिकिटं विकतोय, मुलगा टाइप करून देतोय, मी बोलतोय, म्हणून वाक्य लांब झालं तर त्याला बोल.

तुमच्या ह्या ऑनलाइन कंपन्यांनी आमचं काय केलं ते आधी सांगतो, मग तुझ्या कामाचं. आम्हाला एअरलाइन तिकिटावर नऊ टक्के द्यायची, मग सात झाले, मग पाच, आणि २००८ च्या शेवटी सरळ झिरो. त्याच वर्षी जूनपासून कागदाचं तिकीट पण गेलं, ते लाल कार्बनवालं, त्याची एकेक प्रत तिजोरीत ठेवायचो आम्ही नोटांसारखी. माझ्या ऑफिसात सात पोरं होती, दोन उरली. एकाने तर मला विचारलं, काका मी त्या वेबसाइटवाल्यांकडे जाऊ का नोकरीला, मी म्हटलं जा रे बाबा, निदान एक घर चालेल. पाच वर्षं मी लोकांना तेच सांगायचो की बघा हे एक दिवस बंद पडतील. आज मुलाने तुझं वाचून दाखवलं तेव्हा आनंद होईल असं वाटलं होतं, झाला नाही.

आता काम. इंदूरला तिकिटात काही राहिलं नाही पण फिरण्यात आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात उज्जैनला 'महाकाल लोक', मंदिराचा नवा परिसर, झालं तेव्हापासून साउथची, गुजरातची मंडळी इंदूरला उतरतात, उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, तीन दिवस गाडी लागते, हॉटेल लागतं, ज्येष्ठ असतात त्यांना खालच्या मजल्यावरची खोली लागते, हे बॉटला सांगून बघ. २०२८ ला सिंहस्थ आहे, आत्तापासून फोन सुरू झालेत. २०१९ ला इथून दुबईचं विमान सुरू झालं तेव्हापासून बाहेरचं बुकिंग पण वाढलं. पण माझी अडचण काय, माझा मुलगा गाड्या आणि हॉटेल बघतो, विदेशी तिकिटाची अदलाबदल आली की आम्ही दोघं घाबरतो. चुकीचा रिइश्यू केला की एअरलाइन एडीएम, म्हणजे एजंटाकडून वसुलीची नोटिस, ठोकते, मागच्या दिवाळीत एकाच एडीएमने माझी महिन्याची कमाई नेली. मी आता ती कामं दिल्लीच्या कन्सोलिडेटरकडे, म्हणजे ठोक तिकीटवाल्याकडे, पाठवतो, तो दोन दिवस फोन उचलत नाही.

आत्ताच बघ, समोर पडलंय. चौघांचं दुबई, एकच पीएनआर, आजोबांना चार दिवस आधी परत यायचंय, बाकी तिघं तिथेच. काय करू? आणि मी एकटाच नाही, इथे आमच्यासारखे पंधरा-वीस जण असतील ज्यांना हे येत नाही आणि लाज वाटते म्हणून विचारत नाहीत. पगार ३६ मी देऊ शकत नाही, खोटं नाही बोलणार. कामागणिक देईन.

खिडकी_सीट | १५ जानेवारी, रात्री १०:०५

काका, आधी पीएनआर स्प्लिट करा, आजोबांना वेगळं काढा. चौघं एकत्र ठेवून डेट चेंज टाकलात तर चौघांचं भाडं परत काढलं जाईल. स्प्लिट झाल्यावर नवा पीएनआर एअरलाइनकडे पोचला का ते बघा, त्याचा नंबर वेगळा येतो, मग फक्त आजोबांचं तिकीट रिइश्यू, जुन्या भाड्याचा फरक आणि दंड दोन्ही लागेल, कस्टमरला आधी सांगा आणि हो म्हणाल्याचा मेसेज ठेवा. आजोबांची व्हीलचेअर आहे का? स्प्लिटमधे ती रिक्वेस्ट कधी कधी मागेच राहते, परत टाका. आणि घाई नका करू, रिइश्यूच्या आधी फेअर रूल, म्हणजे त्या भाड्याचे नियम, उघडून वाचा, रिटर्नच्या दंडाची ओळ खाली असते, सगळे वरचीच वाचतात, तिथेच एडीएम येतो.

जुना_एजंट_काका | १५ जानेवारी, रात्री १०:४०

व्हीलचेअर होती. मागेच राहिली होती.

वडोदऱ्याची_सून | १६ जानेवारी, सकाळी ८:३०

काकांचं वाचून लिहिते, मी इंदूरची लेक, वडोदऱ्याला दिलेली. २०२० मधे माझी अशीच गेली, हॉटेल बुकिंगच्या डेस्कवरची. मी घरून तीन एजंटांची कामं घेते, कॅनडा-अमेरिकेला जाणाऱ्यांची तिकिटं, इथे काय त्यांना तोटा नाही. पहिले पाच महिने ८-९ हजारच्या वर गेले नाही, हे स्पष्ट सांगते, कुणी सांगत नाही म्हणून. आणि उधारी ठेवू नका, एजंट लोक गोड असतात पण पैसे 'पार्टीकडून आले की' देतात. डेट चेंज झाल्या झाल्या मागायचे. हप्ता १७,५०० असेल तर पॅकेजच्या पैशांतून सहा हप्ते बाजूला काढून मगच बाकीचा विचार करा.

खिडकी_सीट | १७ जानेवारी, दुपारी १:१५

सगळ्यांना अपडेट. काल दुपारी कलमदादांनी सांगितलं तसा मेल पाठवला, चार वेळा नवऱ्याने वाचला, त्याने त्यातलं 'कृपया' दोन ठिकाणी काढलं, सासूबाईंनी एक परत घालायला लावलं. पोर्टलवर कशालाच टिक केली नाही. सहा वाजता हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू, पोरगा विचारत होता आई तू स्क्रीनकडे काय बघतेस.

साडेसातला एचआरचा फोन आला, मेल नाही, फोन. आवाज एकदम गोड. म्हणाली तुम्ही एवढ्या फॉर्मल का झालात. मी म्हटलं मॅडम, जे सांगायचं ते मेलवर सांगा ना, मला फोनवरचं नीट आठवत नाही. हे वाक्य आम्हाला ट्रेनिंगमधे शिकवलेलं, कस्टमरने असं म्हटलं की केस वर पाठवायची. तिने पण पाठवली बहुतेक, कारण आज शनिवार असून सकाळी मेल आला. राजीनाम्याची अट काढलीये, माझा शेवटचा दिवस नोटिस धरून १६ मार्च. भरपाई आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब 'रिव्ह्यू करतोय' असं लिहिलंय, १८ हजारावरचं अजून मानलं नाही, ते भांडण बाकी आहे. गुरुग्रामला पगारवाढ नाही, घरून काम नाही.

तर गुरुग्रामला जात नाहीये. हे लिहिताना पण छातीत धडधडतंय, दोन पगारांचं घर एकावर येणार. सोमवारपासून शिफ्टच्या आधी सकाळी दोन तास काकांच्या ऑफिसात बसणार आहे, नोटिसमधे दुसरीकडे काम चालतं का हे विचारून घेतलं, पगार घ्यायचा नाही तोपर्यंत, नुसतं बघायचं. काका म्हणाले येताना पोहे आणू नको, खाली मिळतात.

शिफ्ट_बी | १७ जानेवारी, रात्री ११:५०

ताई ओळखलं मी तुला, तो संक्रांतीचा मेल आणि चहाच्या भांडणावरून. मी पण तिथलाच, कोण ते नको विचारू. आमच्यातल्या वीस-बावीस जणांनी शुक्रवारीच दोन नंबरला टिक केली, मी पण केली, घाबरून. माझी जॉइनिंग २० फेब्रुवारी २०२१ आहे. ३१ जानेवारी धरली तर पाच वर्षांना एकोणीस दिवस कमी पडतात आणि माझ्या शीटमधे ग्रॅच्युइटीपुढे शून्य आहे. आता काही होऊ शकतं का?

कलम_पंचवीस | १८ जानेवारी, सकाळी ६:४०

होऊ शकतं, पण उशीर नको. टिक केली म्हणजे राजीनामा मंजूर झाला असं नाही, मंजुरीचं पत्र आलंय का? आलं नसेल तर आजच, रविवार असला तरी, मेल टाका की दबावाखाली आणि मुदतीच्या भीतीने टिक केली, राजीनामा मागे घेतो, ६० दिवसांची नोटिस काम करून पूर्ण करीन. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पाच वर्षं धरायची असा मद्रास हायकोर्टाचा जुना निकाल आहे, पण कंपन्या त्यावर वाद घालतात, त्यापेक्षा २० फेब्रुवारी ओलांडणं सोपं. आणि त्या बाकीच्या वीस जणांच्या जॉइनिंगच्या तारखा गोळा करा. ग्रुपवर नको, एकेकाला फोन करून.